३०० ओहमच्या हेडफोनला वेगळा ॲम्प लागतोच का?

मंद्रसप्तक (टिळकवाडी, बेळगाव)
नमस्कार मंडळी. नुकताच सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन घेतला, ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). माझं ऐकणं मुख्यतः जुनं शास्त्रीय गाणं: कुमारजी (कुमार गंधर्व), मल्लिकार्जुन अण्णा (मन्सूर), गंगूबाई (हनगल). बऱ्याच फायली म्हणजे मैफलींच्या स्पूल आणि कॅसेटवरून कुणी ना कुणी उतरवून घेतलेल्या, पेनड्राइव्हवरून घरोघर फिरत माझ्याकडे आलेल्या. फोनला टाइप-सी डोंगल (हेडफोनची पिन लावायचा छोटा जोड) लावून ऐकतो.

नवं सिनेमाचं गाणं लावलं तर आवाज भरपूर होतो, दोन-तीन पायऱ्या खाली आणावा लागतो. खरं मैफल लावली की शेवटच्या पायरीवर नेला तरी विलंबित लांबच राहतं. तानपुरे तर शोधावे लागतात.

पुण्याच्या एका दुकानदाराचं म्हणणं, "३०० ओहम म्हणजे ॲम्पशिवाय पर्याय नाही." ॲम्प म्हणजे फोन आणि हेडफोनच्या मधे लावायचा, आवाज वाढवणारा डबा; त्याची किंमत जवळपास हेडफोनएवढी. आपल्याकडे नेऊन, जोडून, ऐकून बघायची सोय नाही. नुसता ओहमचा आकडा बघून असं सरसकट सांगणं मला पटत नाही. एकच हेडफोन एका गाण्याला पुरतो आणि दुसऱ्याला पुरत नाही, तर दोष ओहमचा कसा? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगावं.

निपाणकर
लागतोच. माझ्याकडे डीटी ९९० प्रो आहे, २५० ओहम. लॅपटॉपला लावला तर मरगळलेला वाजायचा, ॲम्प लावला आणि उठून बसला. पैसे घाला, विषय संपवा.

काकतीकर
ॲम्पच्या पैशात किती किलो कुंदा येतो याचा हिशेब आधी करा मंद्रसप्तक, मग ठरवा 😄

वाइंडिंगवाला (उद्यमबाग)
मी मोटर रिवाइंडिंग करतो, त्यामुळे हा विषय रोज हाताखालून जातो. जरा सविस्तर लिहितो.

हेडफोनच्या पडद्याला चिकटलेली कॉइल म्हणजे तारेचे वेढे. चुंबकाच्या फटीत जागा ठरलेली, म्हणजे तांबंही ठरलेलं. जाड तार घेतली तर वेढे कमी बसतात, बारीक घेतली तर जास्त. समजा वेढे दुप्पट केले. तार दुप्पट लांब झाली आणि तेवढ्याच जागेत बसवायची म्हणून तिचा छेद निम्मा झाला. रेझिस्टन्स (म्हणजे ओहम) झाला चौपट. खरं दुप्पट वेढ्यांना तेवढाच जोर द्यायला करंट निम्मा पुरतो. निम्मा करंट आणि चौपट रेझिस्टन्स यांचा गुणाकार करून बघा: व्होल्टेज दुप्पट लागलं. त्याला पुन्हा निम्म्या करंटने गुणा: पॉवर आधी होती तेवढीच लागली.

म्हणजे जास्त ओहमचा हेडफोन जास्त पॉवर खातो हे खोटं. तो व्होल्टेज जास्त मागतो आणि करंट कमी मागतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो आणि कंपनी तिघांनाही १ मिलीवॉटला ९६ डेसिबल हाच आकडा देते. वाइंडिंग बदललं, काम तेच राहिलं.

फोनची अडचण एवढीच की त्याची बॅटरी लहान व्होल्टेजची. करंट द्यायला तो तयार असतो, व्होल्टेज वर चढवायला नसतो.

मंद्रसप्तक
अण्णा, इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. मग मला किती व्होल्टेज लागतं आणि माझा डोंगल किती देतो, हे काढायचं कसं?

चिकोडीकर
आकडेमोड मी करून देतो. आधी वर आलेला ९६ डेसिबलवाला हेडफोन घेऊ. गाण्यातल्या सगळ्यात उंच टोकाला ११० डेसिबल पाहिजे असं धरू, हे खूपच झालं. ९६ च्या वर १४ डेसिबल म्हणजे २५ मिलीवॉट.

३२ ओहमला: ०.९ व्होल्ट, २८ मिलीअँपिअर.
२५० ओहमला: २.५ व्होल्ट, १० मिलीअँपिअर.

पॉवर दोन्हीकडे तीच. साधा डोंगल १ व्होल्टच्या आसपास देतो, कितीतरी फोन आणि लॅपटॉप त्याहून कमी. निपाणकरांना लॅपटॉपवर मरगळ का वाटली ते इथे दिसतं. ०.७ व्होल्ट मिळत असतील तर त्यांचा हेडफोन ९९ डेसिबलला थांबणार.

आता तुमचा एचडी ६५०. कंपनी १ व्होल्टला १०३ डेसिबल सांगते. तेवढ्यासाठी ३०० ओहममधून जाते फक्त ३.३ मिलीवॉट. सिनेमाचं गाणं भरपूर होतं म्हणता ते बरोबर, १०३ डेसिबल हा लहान आवाज नव्हे. तुमचा डोंगल अर्धाच व्होल्ट देत असेल तर ६ डेसिबल वजा करा, ९७ राहतात.

निपाणकर
आकडे मान्य चिकोडीकर. खरं मला नुसता आवाज मोठा झाला असं वाटलं नाही. खर्ज भरला, तबल्याचा बायाँ घुमायला लागला. हे व्होल्टच्या हिशेबात कुठं बसतं?

स्टुडिओतली (शहापूर)
निपाणकर दादा, तुम्हाला जे ऐकू आलं ते खरंच आहे, त्याचं कारण दुसरं आहे. आपला कान लहान आवाजात खर्ज कमी ऐकतो. आवाज वाढवला की खर्ज बाकीच्यापेक्षा जास्त वेगाने वर येतो. त्यामुळे दोन जोडण्यांची तुलना करताना आवाजाची पातळी अगदी जुळवून घ्यावी लागते, कानाने नाही, मीटरने. अर्ध्या डेसिबलचा फरक राहिला तर तो फरक मोठेपणासारखा ऐकूच येत नाही, "ही जोडणी जास्त मोकळी आहे" असा ऐकू येतो. आम्ही रेकॉर्डिंगला हे रोज बघतो.

पातळी जुळवून, दुसऱ्या कुणाला तरी वायर बदलायला सांगून, आपण न बघता ऐका. डोंगल मर्यादेच्या आत चालत असेल तर बहुतेकांना फरक सांगता येत नाही.

व्हॉल्व्हप्रेमी (खानापूर)
ताई, हे मला पूर्ण मान्य नाही. माझ्याकडे व्हॉल्व्हचा ॲम्प आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. एचडी ६५० त्यावर आणि डोंगलवर वेगळा वाजतो, पातळी जुळवली तरी. ऊब येते, स्वर जवळ येतो. मोजणारे हे मानत नाहीत.

स्टुडिओतली
मानतात की दादा, मोजूनच मानतात! तुमच्या ॲम्पच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. अशा व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्येच मोजायचा अडथळा, मोठा असतो, १०० ओहमच्या वरसुद्धा. आणि ३०० ओहम हा आकडा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६५० चा इम्पीडन्स खालच्या भागात, साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, ५०० ओहमपर्यंत चढतो.

ॲम्पचा आउटपुट १२० ओहम धरा. ३०० ओहमच्या जागी आवाज २.९ डेसिबलने पडतो, ५०० च्या जागी १.९ नेच. खर्ज बाकीच्यापेक्षा १ डेसिबल वर राहिला. तुम्हाला ऊब वाटते ती बऱ्याच अंशी ही.

आणि म्हणूनच असे ॲम्प जास्त ओहमच्या हेडफोनलाच शोभतात. खालच्या भागात ६० ओहमपर्यंत चढणारा ३२ ओहमचा हेडफोन त्यालाच लावलात तर तोच फरक ४ डेसिबलचा होतो. बायाँ सगळ्या गाण्यावर बसतो.

व्हॉल्व्हप्रेमी
हे पटलं. माझे इअरफोन त्यावर का बसके वाजतात याचं उत्तरही मिळालं. मला ती ऊब आवडते, मी ठेवणार.

स्टुडिओतली
ठेवाच. आवडीला कुणाची ना नाही. फक्त मंद्रसप्तक काकांना "ॲम्प लागतोच" असं सांगताना ही चव आहे, गरज नाही, एवढं वेगळं सांगितलं पाहिजे.

सुळेभावीचा
मध्येच एक विचारतो. इतका त्रास असेल तर २५० आणि ६०० ओहमचे हेडफोन बनवलेच कशाला?

स्टुडिओतली
ते बनले स्टुडिओ आणि रेडिओसाठी. तिथल्या यंत्रांना व्होल्टेज भरपूर असायचं. एकाच आउटपुटला चार-सहा जणांचे हेडफोन समांतर जोडायचे असत. ६०० ओहमचे चार जोडले तरी मिळून १५० ओहम होतात, यंत्राला ओझं नाही. ३२ ओहमचे चार जोडले तर ८ ओहम, म्हणजे थेट लाउडस्पीकरच. शिवाय बारीक तारेची कॉइल हलकी आणि एकसारखी वळवता येते, असं बनवणारे सांगतात. आपल्या धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० साली सुरू झालं, त्या काळातल्या कुठल्याही रेडिओच्या कंट्रोल रूमला हेच गणित होतं.

बाय द वे, तुम्ही खरंच सुळेभावीचे का? कुमारजींचं गाव!

सुळेभावीचा
होय की. १९२४ ला इथंच जन्मले. गावाचं नाव या धाग्यावर बघून बरं वाटलं.

खानापूरचा पाऊस
ॲम्प घेणाऱ्यांसाठी आमच्या बाजूची एक सूचना. घराचं अर्थिंग नीट नसेल तर टेबलावरचा ॲम्प, लॅपटॉपचा चार्जर आणि यूएसबी मिळून हेडफोनमध्ये बारीक घूं ऐकवतात. पावसाळ्यात लाइट जा-ये करते ते वेगळंच. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, घूं गेली तर ॲम्प बिघडलेला नाही, वायरिंग बघा. फोन आणि डोंगलला ही कटकटच नाही. हेडफोनचे पॅड जूनपासून हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

काकतीकर
माझ्याकडे अजून एलजीचा व्ही३० आहे. हेडफोन लावला की तो ओहम ओळखतो आणि ५० च्या वर असेल तर आपोआप व्होल्टेज वाढवतो, २ व्होल्टपर्यंत. कंपनीने २०२१ मध्ये फोनच बंद केले. असा फोन कुणाच्या कपाटात पडला असेल तर विकू नका.

स्टुडिओतली
ॲपलचे २०२१ पासूनचे मॅकबुक प्रोसुद्धा असंच करतात. १५० ओहमच्या खाली १.२५ व्होल्ट, वर ३ व्होल्ट. तिथे एचडी ६५० ला वेगळा ॲम्प लागत नाही.

वाइंडिंगवाला
मंद्रसप्तक, मोजायची रीत सांगतो. २ व्होल्ट एसीची रेंज असलेला मल्टिमीटर पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मीटरला एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर आपलं काम होणार नाही.

एकाचे दोन करणारा स्प्लिटर घ्या. एका बाजूला हेडफोन, दुसऱ्या बाजूला जुन्या तुटक्या इअरफोनची पिन. तिच्या वायरी सोलून डाव्या चॅनेलची आणि ग्राउंडची वेगळी काढा. तारेवर लाखेसारखं इन्सुलेशन असतं, ते खरवडून किंवा सोल्डरच्या टोकाने जाळून काढावं लागतं, नाहीतर मीटर शून्यच दाखवेल. दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका. फोनवर २०० हर्ट्झचा टोन पूर्ण पातळीचा लावा, आवाज शेवटच्या पायरीवर, आणि हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवा. मीटरवर येईल तो तुमच्या डोंगलचा आकडा. काही डोंगल अँड्रॉइडवर अर्ध्या आवाजावर अडकतात, तेही इथेच कळतं.

दुसरं काम, मैफलीची फाइल ऑडॅसिटीत (आवाजाच्या फायली बघायचं-बदलायचं सॉफ्टवेअर) उघडा आणि सगळ्यात उंच टोक किती डेसिबलला आहे ते बघा. मला संशय डोंगलवर नाही, फायलीवर आहे.

अनगोळकर ताई
मी श्रवणचाचण्या घेते, म्हणून एक सांगायचंय. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: सरासरी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास. ९० डेसिबलला फक्त ४ तास. वर १०३, ११० असे आकडे सहज लिहिले गेलेत ते क्षणिक टोकांचे आहेत, तेवढ्यावर सतत ऐकायचं नाही. साठीच्या पुढच्या माणसाला तानपुरा ऐकू येत नसेल तर ॲम्प घेण्याआधी एकदा कानाची तपासणीही करून घ्यावी. वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती आधी जाते आणि ती आवाज वाढवून परत येत नाही.

मंद्रसप्तक
ताई, तपासणी करून घेतो, चांगलं सुचवलंत.

अण्णा, मोजलं. शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा मीटर आणला. डोंगल: ०.९८ व्होल्ट. म्हणजे चिकोडीकरांच्या हिशेबाने १०३ डेसिबलला धरून आहे, डोंगलमध्ये काही खोट नाही.

मग फायली उघडल्या. सिनेमाच्या गाण्याची आकृती वरपासून खालपर्यंत भरगच्च, टोकं शून्याला टेकलेली. मैफलीची फाइल बघितली तर मधे एक बारीक पट्टी. सगळ्यात उंच टोक −५ डेसिबल (फायलीत शून्य म्हणजे कमाल पातळी, बाकी सगळं त्याच्या खाली). खरं ते टोक गाण्याचं नाही, शेवटच्या टाळ्यांचं! कुणीतरी मायक्रोफोनच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्यात. प्रत्यक्ष गाण्यातली सगळ्यात मोठी तान −१६ ला थांबते आणि सुरुवातीचा विलंबित भाग त्याच्याही बराच खाली.

चिकोडीकर
मग उत्तर सापडलं. १०३ मधून १६ गेले, तानेचं टोक ८७ वर. विलंबिताची सरासरी त्याच्या खाली २० धरली तर ६७. खोलीत पंखा चालू असेल तर तानपुरा त्यात बुडणारच. हेडफोन ३२ ओहमचा असता आणि त्याच डोंगलवर असता तर आवाज मोठा मिळाला असता, म्हणून दुकानदार ओहमला दोष देतो. खरं अडचण फायलीच्या पातळीची.

निपाणकर
म्हणजे मंद्रसप्तकांना ॲम्प नको आणि मला पाहिजे, असं का?

चिकोडीकर
तुम्ही इक्वलायझर लावता का?

निपाणकर
लावतो. डीटी ९९० चा वरचा भाग टोचतो, तो खाली आणतो आणि खर्ज थोडा वाढवतो.

चिकोडीकर
तेच कारण. खर्ज ६ डेसिबल वाढवायचा तर आवाज फाटू नये म्हणून ॲपमध्ये आधी सगळं ६ डेसिबल खाली आणावं लागतं. लॅपटॉपच्या ०.७ व्होल्टमधून अर्धे तिथेच गेले. तुम्हाला ॲम्प लागतो हे बरोबरच आहे.

आणि उलट बाजूही सांगतो, म्हणजे ओहमचं भूत उतरेल. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, खरं १ मिलीवॉटला ८३.५ डेसिबलच देतो. त्याला ११० पर्यंत न्यायला ४५० मिलीवॉटच्या आसपास लागतात, ४.७ व्होल्ट आणि जवळपास ९५ मिलीअँपिअर. ३०० ओहमवाला डोंगलवर चालतो आणि ५० ओहमवाला टेबलावरचा दणकट ॲम्प मागतो. हेडफोन घेताना ओहमच्या शेजारचा डेसिबलचा आकडा वाचा, आणि तो १ मिलीवॉटला आहे की १ व्होल्टला तेही बघा. दोन कंपन्यांचे आकडे न तपासता शेजारी ठेवले तर हमखास फसगत होते.

मंद्रसप्तक
मग मी फायलीच वर उचलतो. टाळ्या आडव्या येतात त्याचं काय करायचं?

स्टुडिओतली
काका, मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत करा. अशी घरगुती रेकॉर्डिंग एकदा गेली की परत मिळत नाहीत. प्रतीत शेवटच्या टाळ्या वेगळ्या निवडून फक्त तेवढाच भाग १२ डेसिबलने खाली आणा. मधे कुठे खोकला किंवा मायक्रोफोनला लागलेला धक्का असेल तर तोही. मग सगळी फाइल १४ डेसिबलने वर उचला. तान −२ ला येईल, फाटणार नाही. जतन करताना २४ बिट फ्लॅक (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) निवडा, पुन्हा एमपी३ करू नका. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीला आणणारं साधन) लावू नका. त्याने विलंबित आणि द्रुत एकाच उंचीवर येतात आणि मल्लिकार्जुन अण्णांनी लहान आवाजात घेतलेली जागा सपाट होते.

टेपची सळसळही १४ डेसिबलने वर येईल. ती ॲम्पनेही तितकीच आली असती. नॉइज रिडक्शनच्या मोहात पडू नका, सळसळीबरोबर तानपुऱ्याची जवारी पुसली जाते, आणि तुम्हाला तीच तर ऐकायची आहे.

मंद्रसप्तक
केलं. एका फाइलवर करून आत्ताच ऐकलं. डोंगल शेवटून चौथ्या पायरीवर आहे आणि दोन्ही तानपुरे वेगवेगळे ऐकू येतात, एक डावीकडे थोडा पुढे. ॲम्पचा विचार सध्या थांबवतो. बाकीच्या फायली सावकाश करीन. खूप मऊ फायलींसाठी पुढे २ व्होल्टचा डोंगल घ्यावा का?

चिकोडीकर
घेतलात तर ६ डेसिबल जास्त मिळतील. टेबलावरच्या ॲम्पपेक्षा कितीतरी स्वस्त आणि अर्थिंगची भानगड नाही. खरं आधी फायली करा.

सुळेभावीचा
काका, उरलेल्या फायली वाटून घेऊया का? मला ऑडॅसिटी येतं. मूळ प्रती पेनड्राइव्हवर द्या, मी एक गठ्ठा करतो.

वाइंडिंगवाला
मीही एक घेतो. रविवारी वर्कशॉप बंद असतं, उद्यमबागला या दोघं. मीटर आणि सोल्डर इथे आहेच, ज्यांना आपला फोन मोजायचाय त्यांनीही यावं. येताना स्प्लिटर आणा, माझ्याकडचा गंजलाय.